पसारा आणि गुण्या

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बराच वेळ पत्र्याला हातच लावला नाही. वहीच्या कागदावर काढून नेलेलं माझं चित्र त्यांनी आडवं धरलं, उभं धरलं, मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "ह्यात ठेवणार काय?"

"काही नाही."

"मग झाकण?"

"झाकण पण नाही."

तीन काटकोन त्रिकोण एकमेकांना काटकोनातच जोडायचे. खोलीचा खालचा कोपरा, म्हणजे दोन भिंती आणि फरशी, करवतीनं तिरका कापून बाहेर काढला तर जसा दिसेल तसं काहीतरी. बाजू एक मीटर, दोन एमएमचा पत्रा. मी आदल्या वर्षी दोन फुटांचा एक दुसरीकडून करून घेतला होता. तो फसला होता, म्हणून मी जरा जास्तच बजावत होतो. "मामा, कोन मात्र नव्वदच पाहिजे. अंश-दीड अंशानं सुद्धा चुकला तर काम बाद."

मिस्त्रींना ते लागलं असावं. त्यांनी भिंतीवरचा गुण्या, म्हणजे काटकोन ताडायचं हत्यार, काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. "गुण्यात बसल्याबिगर आमच्याकडनं काय जात न्हाई." मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "पण वेल्डिंग गार झालं की पत्रा ओढतोय. आधी जरा उघडाच ठिवाय पाहिजे." टॅक, म्हणजे वेल्डिंगचा कच्चा टाका, मारायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट बघायची, हातोडीनं बारीक ठोका द्यायचा, परत टॅक. दुपारचे दोन तास त्यातच गेले. शेवटी कोपरा जमिनीवर उताणा ठेवून ते म्हणाले, "सर, पावसाचं पाणी साठंल की ह्यात." हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी खालच्या टोकाशी तीन भोकं पाडून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

हा कोपरा ६९३ किलोमीटर उंचीवरून दिसावा अशी माझी इच्छा होती.

माझा पोटापाण्याचा धंदा नकाशांचा. त्यातून रडारच्या चित्रांचा नाद लागला. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि ढग नसलेले लागतात, म्हणजे जून ते सप्टेंबर कोल्हापूरपुरता कॅमेरा आंधळाच. रडार स्वतःच लहर सोडतं, ती ढगातून पार जाते, खाली आपटते, आणि जी परत येते तिची नोंद होते. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरची. चित्रं फुकट मिळतात आणि आपल्याकडून जाताना तो साधारण पहाटे सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला जातो. छोट्या अँटेनानं उडता उडता मोठ्या अँटेनाचं काम करून घ्यायची युक्ती कार्ल वायली या अमेरिकन माणसाला १९५१ मध्ये सुचली. ती नसती तर एवढ्या उंचीवरून काही किलोमीटरचा पट्टा एका धुरकट डागात मावला असता.

रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. सगळी गंमत या तिरकेपणात आहे. रंकाळ्याचं शांत पाणी आरशासारखं असतं. तिरकी आलेली लहर ते पलीकडे भिरकावून देतं, उपग्रहाकडे काहीच परत येत नाही, म्हणून चित्रात रंकाळा काळाकुट्ट. उसाचा फड त्या लहरीला पानापानात घुमवतो, थोडी इकडे थोडी तिकडे, आणि करड्या रंगाचा दिसतो. आणि घर? घराची भिंत आणि अंगण यांच्यात काटकोन असतो. लहर अंगणावर आपटून भिंतीवर जाते, भिंतीवरून निघते ती आल्या वाटेनं परत. कॅरमच्या कोपऱ्यातल्या दोन कडांना लागून सोंगटी जशी आली तशी माघारी फिरते, तसंच. तिसरी बाजू जोडली तर मग विचारायलाच नको, कुठूनही टाका, माघारीच येणार. एक मीटर बाजूचा माझा पत्र्याचा कोपरा या लहरीला जवळजवळ चाळीस मीटर व्यासाच्या लोखंडी गोळ्याएवढा भासायला हवा, गणित तसं सांगतं. तेच गणित असंही सांगतं की बाजू तीन फुटांची दोन फूट केली तर परतावा पाचव्या हिश्श्यावर येतो. दोन फुटांचा पहिला कोपरा उसात का हरवला याचं हे कारण. गुण्यात नव्हता हे वरचं.

निसर्गात काटकोन फारसे नसतात. माणसाला मात्र गुण्याशिवाय चैन पडत नाही. भिंत, कठडा, ट्रॉलीची फळी, गोठ्याचा पत्रा, बंधाऱ्याचे खांब. रडारच्या चित्रात माणूस शोधायचा म्हणजे पुष्कळदा हा कोपराच शोधायचा असतो. बाकी सगळ्याला या धंद्यात क्लटर म्हणतात. मी पसारा म्हणतो. पसारा कुणाचा हे मात्र बघणाऱ्यावर असतं. ऊस मोजणाऱ्याला ऊस हवा असतो, त्याच्या लेखी मधला विजेचा खांब हाच पसारा.

हे सगळं मला २०१९ च्या ऑगस्टमध्येही माहीत होतं. पुस्तकातलं.

त्या आठवड्यात कोल्हापुरात कुणी कुणाला 'जेवलास का' विचारत नव्हतं, 'राजाराम बंधाऱ्याला किती फूट' असंच विचारत होतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. राधानगरीचे सातपैकी किती दरवाजे उघडले याची मोजणी चालू. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही. मी घरात अडकलेला. लाइट येईल-जाईल तसा लॅपटॉप चालवत होतो. काही मित्र बोटीवाल्या पोरांना मळ्यातल्या अडकलेल्या वस्त्यांची यादी देत होते. ढगांमुळे दुसरी चित्रं कुणाकडेच नव्हती. मी म्हटलं, माझ्याकडे रडार आहे.

चित्र उघडलं तेव्हा नदीकाठचा सगळा पट्टा शाई सांडल्यासारखा. त्या काळ्यात एका ठिकाणी नऊ ठिपके, लख्ख पांढरे. पाण्यातून वर आलेल्या भिंती, मी ठरवून टाकलं. भिंत आणि खाली शांत पाणी, याहून चांगला कोपरा रडारला कुठे मिळणार? नऊ घरं तरी नक्की, मी अक्षांश-रेखांशासह यादीत टाकली, वर 'खात्रीशीर' असा शेरा मारला. हा शेरा मला अजून झोपेत दिसतो.

दुपारी फोन आला. मागे इंजिनाची घरघर. "सर, हितं घरं न्हाईत. टावर हाईत."

हाय टेन्शन लाइनचे लोखंडी मनोरे. पट्ट्यापट्ट्यांचे, कोनाकोनांचे, पाय पाण्यात. काटकोनांचं भांडारच ते. ते चमकले यात रडारची काही चूक नव्हती, त्यानं माणसाची वस्तू म्हणून सांगितलं आणि ती माणसाचीच होती. मी ठिपक्यांची चमक बघितली, त्यांच्यामधलं अंतर बघितलंच नाही. नऊच्या नऊ एका ओळीत, जवळपास सारख्या अंतरावर. मळ्यातली घरं कधी अशी बांधलेली बघितली आहेत का कुणी? भावकीच्या वाटण्या होतात तशी ती पडतात, दोन इथे, एक लांब ओढ्याला, कारण तिथं विहीर. शाळकरी पोरानं सुद्धा चित्र बघून 'ही लाइन आहे' म्हटलं असतं.

बोटीचा दीड तास गेला. त्याहून वाईट पुढे कळलं. तिथून जवळच चार घरांची एक वस्ती खरोखर अडकली होती आणि ती माझ्या यादीत नव्हती. त्यांना शेजारच्या गावातल्या पोरांनी काढलं, जनावरांसकट. मी पाणी ओसरल्यावर तिथे गेलो. कुणी मला ओळखत नव्हतं, त्यामुळे चहा मिळाला. नारळ, आंबा, शेवग्याच्या गर्दीत चार कौलारू घरं, आणि सगळी तिरकी. वाट तिरकी म्हणून घरं तिरकी.

हा तिरकेपणा काय करतो ते सांगायला पाहिजे. उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण जातो, जरासा कलून, आणि बाजूला बघतो. ज्या भिंती त्याच्या वाटेला समांतर असतात त्या तोंडावर तोंड येऊन झगमगतात. भिंत पंधरा-वीस अंश फिरलेली असली की लहर कोपऱ्यातून परत येते खरी, पण भलत्याच दिशेला. याला कार्डिनल इफेक्ट म्हणतात. आखीव शहरातली एक कॉलनी दिवाळीसारखी दिसते आणि तेवढ्याच दाटीची शेजारची विझलेली, कारण रस्ते वेगळ्या दिशेला. यात आणखी एक कुचंबणा असते. सेंटिनेल उभी लहर सोडतो आणि परत येताना तिचा किती हिस्सा आडवा होऊन आला तेही मोजतो. पानं-फांद्या वाट्टेल त्या दिशेला असतात, त्यामुळे त्या लहरीला पिळतात आणि आडवा हिस्सा वाढतो. म्हणून आडवं जास्त दिसलं की झाडं, असा ठोकताळा. पण वाकड्या दिशेच्या भिंतीही लहरीला तशाच पिळतात. गणित त्यांना झाडांत जमा करतं. झाडीतली ती चार तिरकी घरं माझ्या संगणकानं निमूटपणे आंब्या-नारळांत मोजली होती.

आणि माणसाचं सगळंच चमकतं असंही नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी रडारला तळ्यासारखी काळी दिसते, इतकी ती गुळगुळीत. उलट पन्हाळ्याच्या कोल्हापूरकडच्या उतारावर पहाटेच्या फेरीत जे पांढरं फक्क दिसतं ते मुख्यतः डोंगराचं अंग. पूर्वेकडून तिरक्या येणाऱ्या लहरीला तो उतार जवळपास सामोराच असतो, सगळा उतार आखडून एका पट्टीत गोळा होतो आणि झळाळतो. तटबंदी त्यातच कुठेतरी विरघळलेली. एवढ्या मोठ्या गडाची ही अवस्था, मग कौलारू घराचं काय घेऊन बसलात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलेल्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. डोंगरावर गुलालानं माखलेला तुमचा भाऊ हरवला तर सापडत नाही, कारण सगळेच माखलेले. सासनकाठीखाली हजार गुलाबी डोकी. तोच भाऊ तसाच माखलेला एसटी स्टँडवर उतरला की लांबून दिसतो. भावाच्या अंगावरचा गुलाल तेवढाच आहे, भोवती कोण आहे एवढंच बदललं. रडारमध्ये माणसाची वस्तू शोधायची सगळ्यात जुनी आणि अजून चालणारी रीत हीच. एका ठिपक्याची चमक घ्यायची आणि भोवतीच्या कड्यातल्या ठिपक्यांशी ताडून बघायची. किती उजळ असलं की 'सापडलं' म्हणायचं तो उंबरठा फडात वर, पाण्यावर खाली, म्हणजे चुकून 'सापडलं' म्हणण्याचं प्रमाण सगळीकडे सारखंच राहील. अगदी चिकटून असलेले ठिपके तुलनेतून वगळायचे, कारण भावाबरोबर वहिनी आणि पोरंही माखलेली असतात, त्यांच्याशी तुलना करून भाऊ काही वेगळा दिसणार नाही.

उंबरठा ठेवायचा कुठे यावर लोकांची आयुष्यं गेली आहेत, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. रडारच्या चित्रात एकसारखा फडसुद्धा एकसारखा दिसत नाही. एकेका ठिपक्यात हजारो पानांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, कुठे जुळून वाढतात, कुठे एकमेकांना खाऊन टाकतात. सगळ्या चित्रावर रवा सांडल्यासारखा दिसतो. कच्च्या चित्रात, अगदी सपाट एकजिनसी रानात, शंभरातले पाच ठिपके सरासरीच्या तिप्पट उजळ निघतात. तिथे काहीही नसतं. पाच टक्के नुसता भास, आणि ऊस काही एकजिनसी नसतो. कुठे लोळलेला, कुठे पाटाकडेला दाट, मध्येच विरळ. मग भास आणखी वाढतात. मी नवशिका असताना अशा भासांवर गोठे आणि पंपहाऊस वसवले आहेत.

यंत्राला शिकवलं की हा प्रश्न सुटेल असं आता सगळे म्हणतात. तिथेही एक जुनी फजिती आहे. १९९० च्या दशकात अमेरिकनांनी रणगाड्यांची आणि लष्करी गाड्यांची रडार चित्रं काढून एक मोठा संग्रह केला, एमस्टार नावाचा. पुढे जगभरच्या लोकांनी त्यावर आपापली यंत्रं शिकवली आणि निकाल छापले. मग कुणीतरी रणगाडा झाकून नुसती भोवतालची जमीन यंत्राला दाखवली. यंत्र तरीही बऱ्यापैकी बरोबर ओळखत होतं. गाड्यांची चित्रं वेगवेगळ्या जागी काढलेली, यंत्रानं गाडीऐवजी जागाच पाठ केली. मला हे वाचून बरं वाटलं. मी एकटाच नाही.

तर २०२४ च्या फेब्रुवारीत मिस्त्रींचा कोपरा टेम्पोत घालून मी शिरोळकडे आमच्या आण्णांच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात घेऊन गेलो. ऊस नुकताच तुटून गेलेली एक पट्टी होती, तिन्ही बाजूंना उभे फड. आण्णा माझे चुलते, पंच्याहत्तरीतले. त्यांनी कोपऱ्याभोवती एक फेरी मारली. "सोलर हाय?"

"नाही आण्णा."

"डिश?"

"नाही."

"मग रं?"

मी म्हटलं, उपग्रहाला दिसावं म्हणून. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "दिसून?"

पाचटावर तीन विटा मांडून मी कोपरा बसवला. मोबाइलच्या होकायंत्रानं तोंड पूर्वेला जरासं कलतं, कारण पहाटेची फेरी तिकडून बघते. पुढची कड विटेनं थोडी उचललेली. शेजारच्या फडातले तोडकरी कोयते खाली ठेवून बघायला आले. एका बाईनं विचारलं, रानडुकरांसाठी आहे का. आण्णांनी माझ्याकडे न बघता "व्हय" म्हणून सांगून टाकलं.

चित्र हातात आलं तेव्हा मी आधी डोळे मिटले आणि मग उघडले. दिसत होता. नुसता दिसत नव्हता, भोवतीच्या करड्या रानातून ठणठणीत वर आला होता. आणि त्याच्यापासून दोनशे मीटरवर दुसरा एक ठिपका. माझ्याहून उजळ.

मी त्या रात्री जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. दोन्हींपैकी माझा कोणता? फोनच्या होकायंत्राप्रमाणेच फोनच्या जीपीएसवर माझा भरवसा कमी. बरं, तिथे घर नाही, टॉवर नाही, हे मी डोळ्यांनी बघून आलो होतो. म्हणजे दुसरा ठिपका कोपरा नसलेला भास, की पहिला?

या वेळी मात्र शेरा मारला नाही. बारा दिवस थांबलो. पुराच्या वेळी सेंटिनेल-१ चे दोन उपग्रह होते, त्यातला एक डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, त्यामुळे त्याच वाटेवर परत यायला उरलेल्याला बारा दिवस लागत होते. थांबण्यातही एक रीत आहे. दोन फेऱ्यांच्या लहरी एकमेकींवर ठेवून त्यांची लय जुळते का बघतात. पानं वाऱ्यानं हलतात, वाढतात, वाळतात, त्यामुळे उसाची लय बारा दिवसांत पार विस्कटते. भिंत, पूल, खांब तसेच्या तसे राहतात. मिलानच्या संशोधकांनी साधारण २००० च्या सुमाराला याच न हलणाऱ्या ठिपक्यांना धरून जमीन वर्षाला किती मिलिमीटर खचते ते मोजून दाखवलं. उघडा काळा कातळही लय सोडत नाही, म्हणजे सह्याद्रीत ही युक्ती निम्मी. पण आण्णांच्या मळीत कातळ कुठला, सगळा गाळ.

दुसऱ्या फेरीत एकच ठिपका. आधी कमी उजळ असलेला. लय जुळलेली.

मी आण्णांना फोन लावला. त्या पहाटे रानात दुसरं काही होतं का? ते जरा आठवून म्हणाले, "ट्रॅक्टर रुतला हुता की. रातभर ट्रॉल्या तिथंच. सकाळी दुसरा आणून वडला." रिकाम्या लोखंडी ट्रॉल्या, फळी पूर्वेला करून उभ्या. मिस्त्रींनी दोन तास ठोकून जमवलेल्या कोनापेक्षा रुतलेली ट्रॉली सरस. पण ती गेली आणि माझा कोपरा राहिला, हेही काही कमी नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मार्चभर तो ठिपका दर फेरीला दिसायचा. कामाच्या गडबडीत सुद्धा बारा दिवसांनी मी चित्र उघडून बघून घ्यायचो, परगावच्या नातेवाइकाला 'बरं आहे ना' विचारावं तसं. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याची एक लहर चोवीस सेंटिमीटरची. ती पानांना फार जुमानत नाही, आत बुंध्यापर्यंत पोचते. झाडीतल्या तिरक्या चार घरांचं त्यानं काय होतं ते बघायची मला घाई आहे. पण ते पुढचं.

एप्रिलमध्ये वळीव झाला आणि पुढच्या चित्रात ठिपका नव्हता. मी आधी तारीख तपासली, मग फेरीची वाट, मग उतरवलेली फाइल. सगळं ठीक. रान करडं, एकसारखं, रवा सांडलेलं. चोरीला गेला असणार, भंगारात एवढ्या पत्र्याचे पैसे बरे येतात. फोन केला.

"हाय की," आण्णा म्हणाले. "मोटारीवर पालथा घातलाय. वळवानं स्टार्टर भिजत हुता."

पालथा. म्हणजे कोपरा आकाशाकडे टोक करून, तिन्ही बाजूंनी लहर झटकून टाकत बसलेला. रडारला दिसू नये म्हणून याहून चांगलं काही करता आलं नसतं.

मी काही बोलत नाही हे बघून आण्णाच म्हणाले, "पर एक सांग. टोकाला भोकं कशाला पाडलीस रं? सगळं पाणी त्यातनंच गळतंय."